पुढच्या दालनातली गाईड

१

चार वर्षं रबाबने मोठ्या बसच्या शेपटाला काम केलं होतं. पुढे अनुभवी गाईड झेंडी उंच धरून बोलत चालायचा, आणि ही चाळीस माणसांच्या मागून, फोटोत रमलेल्या, उन्हाने लालबुंद झालेल्या मंडळींना गोळा करत यायची. बोलायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाही. तोंडपाठ मात्र सगळं होतं. घरात भांडी घासताना ती फ्रीजला कर्नाकचं देऊळ समजावून सांगायची.

आणि आज, डिसेंबरातल्या गार सकाळी, लक्सरहून दंदराच्या देवळाकडे निघालेल्या गाडीत तिचे स्वतःचे पाहुणे बसले होते. खासगी सहल, पूर्ण दिवसाची. पाहुणे दोनच, आणि गाईड ती एकटी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण थकवा असा नव्हताच.

पाहुणे म्हणजे अलेक्झांड्रियाची दोन भावंडं. मिस इन्शिराह अडुसष्ट वर्षांच्या, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अंगावर पांढरीशुभ्र लोकरीची शाल. त्यांचा धाकटा भाऊ उस्ताज़, म्हणजे श्रीयुत, वगीह बंदरातल्या क्रेनवर राबलेला, डोक्यावर गवती टोपी, तोंडाला विश्रांती ठाऊक नसलेला.

"अडतीस वर्षं फळ्यावर नाईल काढली गं मी," मिस इन्शिराह रबाबचा हात दाबत म्हणाल्या. "दरवर्षी पोरांना सांगायचे, इथे दंदरा. आणि स्वतः कधी कैरोच्या खाली उतरले नाही. काल रात्री तर झोपच नाही."

"मलाही नाही, मिस."

"तुला का नाही? तू तर रोज बघतेस."

रबाब लाजली. "आज पहिल्यांदाच मी एकटी आहे. म्हणजे... बोलायला."

"अरे वा! म्हणजे दोघींचा पहिला दिवस!" त्यांनी टाळीच वाजवली. "वगीह, ऐकलंस? पोरीचा पहिला दिवस आहे. गप्प बसून ऐकायचं."

"मी बोललो का काही?" पुढच्या सीटवरून वगीह कुरकुरले. "आम्हा अलेक्झांड्रियावाल्यांना समुद्र दिसला नाही की दिशाच कळत नाहीत. मी बापडा कुठे बोलणार?"

ड्रायव्हर अम्म शनूदा मिशीत हसला. 'अम्म' म्हणजे काका. अख्ख्या लक्सरचा तो काका होता. "इकडे दिशा दोनच, साहेब. नाईलबरोबर आणि नाईलच्या उलट. तेवढ्या कळल्या की माणूस हरवत नाही."

उसाच्या शेतांमधून गाडी पळत होती. वाटेत त्यांनी फूल, म्हणजे शिजवलेल्या वालांची उसळ, आणि तअमियाची गरम भजी बांधून घेतली, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता मिस इन्शिराह खिडकीतून दिसणारं प्रत्येक गाढव भावाला दाखवत राहिल्या, जणू अलेक्झांड्रियात गाढवं नसतातच.

२

देवळात त्या दिवशीचे पहिले पाहुणे तेच. दारावरच्या रखवालदाराने, हाज्ज, म्हणजे हाजी, अब्दुलमौलाने, अजून चहाचा पेलासुद्धा संपवला नव्हता.

पहिल्या मोठ्या सभामंडपात पाय ठेवताच मिस इन्शिराह थबकल्या. मान वर गेली ती खाली येईना. खांबांच्या टोकांवर देवीचे गाईच्या कानांचे चेहरे, आणि त्यांच्याही वर ते निळं छत. काजळी धुऊन काढल्यापासून ते निळं असं काही पेटलेलं असतं की बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

"वगीह," त्या कुजबुजल्या, "अरे, रंग अजून ओला वाटतोय."

रबाबने घसा साफ केला. हीच ती वेळ. "मिस, उस्ताज़ वगीह, वर बघा. ती लांबच लांब अंगाची बाई दिसते? ती आकाश आहे. संध्याकाळी ती सूर्य गिळते..."

आतल्या दालनातून कुणीतरी बोलत होतं.

बाईचा आवाज. दुसरी गाईड असणार. रबाब जराशी हिरमुसली, कारण देऊळ आपल्या तिघांनाच मिळालंय असं तिला वाटलं होतं. पण सकाळचा आवाज दगडावर घासून कसा गोड येत होता! तिने पुढचं वाक्य घेतलं, "आणि रात्रभर तो तिच्या पोटातून प्रवास करतो," आणि तेच शब्द तिला आतून ऐकू आले. '...पोटातून प्रवास करतो.'

प्रतिध्वनी. देवळात नाही तर कुठे येणार? ती हसली आणि बोलत राहिली. बोलणं मस्त जमत होतं. मिस इन्शिराह शाळकरी मुलीसारख्या मान डोलवत होत्या. वगीहसुद्धा टोपी छातीशी धरून ऐकत होते. फ्रीजसमोर कधी जमलं नव्हतं इतकं छान जमत होतं.

पाच-सात वाक्यं झाल्यावर तिच्या लक्षात आलं. प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी येत होता.

फार नाही, दोन शब्द आधी. तिच्या तोंडातून 'सकाळी' बाहेर पडायच्या आत आतल्या अंधारात 'सकाळी' म्हणून झालेलं असायचं.

ती दाराशी परत गेली. "अहो हाज्ज, आत कोण आहे?"

"तुम्ही आहात."

"आमच्याआधी?"

"तुमच्याआधी वटवाघळं," म्हातारा म्हणाला. "आणि ती तिकीट काढत नाहीत."

३

झोप झालेली नाही, रबाबने स्वतःला बजावलं. माणूस जागा राहिला की कान मागे पडतात. मन शब्द आधी ऐकतं, कान नंतर. असं काहीतरी असणारच. डॉक्टरला विचारलं तर तो नावही सांगेल.

पण मिस इन्शिराह म्हणाल्या, "इथला आवाज किती सुंदर घुमतो गं. सगळं दोनदा ऐकायला मिळतं. मुलांना असंच शिकवावं."

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

गाभाऱ्याभोवतीच्या बोळात ओळीने छोट्या खोल्या आहेत. एका खोलीत हे तिघं, आणि आवाज पुढच्या खोलीत. हे पुढच्या खोलीत गेले की आवाज त्याच्या पुढच्या. उंबऱ्यावर पोहोचेपर्यंत खोली रिकामी. फक्त धूळ तरंगताना दिसायची, नुकतंच कुणीतरी निघून गेल्यासारखी.

"मिस, पायाखाली बघा!" आवाज पुढून म्हणाला.

रबाब तसं काही म्हणणारच नव्हती. पण त्याच क्षणी मिस इन्शिराहचा पाय उंबऱ्याच्या झिजलेल्या दगडावरून सटकला, आणि रबाबच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मिस, पायाखाली बघा!" वगीहनी बहिणीला दंडाला धरून सावरलं.

"काही नाही, काही नाही! चला पुढे!" मिस इन्शिराह खिदळल्या. गुडघा आपटला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता, इतक्या त्या रंगल्या होत्या.

रबाब घाबरली. तरी ती हुशार मुलगी होती. म्हटलं, परीक्षा घेऊ. पुढच्या भिंतीवर राजा देवीला आरसा देतोय, तिथे आपण म्हणायचं, 'आणि इथे माझी मावशी भेंडी चिरते.' कुणी जन्मात न म्हटलेलं वाक्य. बघू.

तिने तोंड उघडायच्या आत पुढच्या खोलीतून आवाज आला, "आणि इथे माझी मावशी भेंडी चिरते." आणि त्यापाठोपाठ खुदकन हसू. तिचंच, दाबून ठेवलेलं.

रबाबने ओठ घट्ट मिटून घेतले. ती बोलली नाही. मनातल्या मनात दहा आकडे मोजले. काहीच झालं नाही. भिंत जागेवर, छत जागेवर.

"भेंडी?" वगीह म्हणाले. "भेंडीचं काय म्हणालीस?"

"मी काही म्हणाले नाही."

"म्हणालीस की. मावशी वगैरे."

पण ती खरंच म्हणाली नव्हती. भीती होतीच, पण तिच्यात एक विलक्षण आनंदही मिसळला. तो आवाज म्हणेल तसंच झालं पाहिजे असं नाही. आपण नको म्हणू शकतो.

४

छतावर जाणारा जिना अंधारा आणि वळणावळणाचा. दोन्ही भिंतींवर कोरलेली पुजाऱ्यांची रांग आपल्याबरोबर वर चढत असते. रबाब गप्प चढत होती. बोलायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. पण आता त्याने फरक पडत नव्हता. पुढचा आवाज दोन शब्दांनी नाही, चांगला एक मजला पुढे होता, आणि आता एकटा नव्हता. वगीहचं खोकणं ऐकू येत होतं. मिस इन्शिराहचं हसणं ऐकू येत होतं. खरे वगीह तिच्यामागे धापा टाकत होते.

"वर पोरांची सहल आलीय वाटतं," ते म्हणाले. "मजा करताहेत लेकाचे."

छतावर कुणी नव्हतं. ऊन होतं, आणि सगळीकडे शेतं, आणि शेतांच्या कडेला एकदम रेषा ओढल्यासारखं वाळवंट. मिस इन्शिराह कठड्याशी गेल्या आणि रडायलाच लागल्या.

"ही बघ, ही बघ रेषा! हिरवं संपतं, पिवळं सुरू. अडतीस वर्षं मी खडूने ही रेषा काढली, रबाब. पोरं विचारायची, मिस, खरंच एवढी सरळ असते? मी म्हणायचे, हो. मला काय ठाऊक होतं! पण आहे गं, अगदी तशीच आहे!"

रबाबच्या डोळ्यांतही पाणी आलं. याचसाठी तर तिने हा धंदा धरला होता. वाऱ्याने त्यांची पांढरी शाल फुगली, वगीहनी फोटो काढले, एक तिघांचाही काढला. दोन-चार मिनिटं ती सगळं विसरली.

छताच्या दगडात खाली उजेड जाण्यासाठी चौकोनी झरोके आहेत. फोटोसाठी मागे सरकताना ती त्यातल्या एकाशी आली, आणि खालून, देवळाच्या पोटातून, तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"मिस! मिस इन्शिराह!"

मग वगीहचा, फाटलेला, बहिणीला लाडक्या नावाने हाक मारणारा. "शूशू! अगं शूशू, ओ दे!"

मग पुन्हा तिचा. गाईडचा नाही, घाबरलेल्या पोरीचा. "मिस, कुठे आहात? मिस!"

ती वाकून ऐकत राहिली. तिसरा आवाज आला नाही.

५

खाली उतरल्यावर हाज्ज अब्दुलमौला मागच्या खोलीत उभाच होता. जमिनीतलं लाकडी झाकण त्याने उचलून ठेवलं होतं. खाली तळघर, म्हणजे भिंतीच्या जाडीत खोदलेला अरुंद बोळ. देवळातलं सगळ्यात सुरेख कोरीवकाम तिथे आहे, आणि मिस इन्शिराह सकाळपासून त्याबद्दल विचारत होत्या.

"हेच ना ते? ससाण्याचं चित्र? चल, चल, धर मला."

"नाही, मिस," रबाब म्हणाली. "आज नाही."

"म्हणजे?"

"आज आपण खाली जायचं नाही."

"अगं, उघडं तर आहे!"

"हवा चांगली नाही खाली. तुमच्या वयाला..."

ती चूक झाली. मिस इन्शिराह ताठ झाल्या. "माझ्या वयाला काय? तू मला वर्गाबाहेर उभं करतेस? तुझ्या ऑफिसला फोन लावून सांगू, तुमची नवी गाईड वाटेतच घाबरते म्हणून?"

"सांगा, मिस. माझं काम गेलं तरी चालेल." तिने त्यांचं मनगट पकडलं. "पण मी तुम्हाला खाली सोडणार नाही."

वगीह झाकणाच्या भोकाकडे बघत होते. त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. "शूशू," ते हळूच म्हणाले, "खाली मी बोलतोय."

"काय?"

"खाली माझा आवाज येतोय गं."

मिस इन्शिराहना बारीक आवाज नीट ऐकू यायचे नाहीत. त्यांनी कान पुढे केला. "कुणीतरी आहे खरं. बघा, लोक जातात की! लोक जातात आणि आपण नाही!"

रबाबने एका हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने बॅटरी लावली आणि भोकात वाकली. एकदा बघितलं पाहिजे. बघितल्यावर काहीतरी साधं निघेल.

खाली लाकडी पायऱ्या, मग बोळ, दोन्ही बाजूंना कोरलेल्या आकृत्या. बोळाच्या टोकाला, वळणापाशी, एक बाई पाठमोरी चालली होती. डोक्याला करडा रुमाल, रबाबने सकाळी बांधला होता तसा, गाठ डाव्या बाजूला. ती हाताने भिंत चाचपत होती. तिच्यापुढे गवती टोपी. दोघं वळणाआड गेली.

आणि बॅटरीच्या उजेडाच्या कडेला, अगदी पायऱ्यांपाशी, काहीतरी पांढरं होतं. खाली, जमिनीलगत. तिने तिकडे बॅटरी नेली नाही. म्हणजे, हात वळला होता, क्षणभर वळला होता, पण डोळे तिने आधीच मिटले होते.

तिने झाकण ओढलं. ते धाडकन बसलं. हाज्ज अब्दुलमौला म्हणाला, "अगं हळू, सरकारी लाकूड आहे!"

६

बाहेर उन्हात येईपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. दारातून बाहेर पडताच तिने बघितलं. वगीह आहेत. मिस आहेत, रागावलेल्या, शालीचं टोक झटकत. आपण आहोत. तिघंही बाहेर.

तिला हसूच फुटलं. जमलं होतं! जे आत ओरडत फिरत होतं, ज्याला तिसरा आवाज सापडत नव्हता, ते तिने होऊ दिलं नव्हतं. काम गेलं तर गेलं. ती उड्या मारत घरी जाईल.

"हसतेस काय?" मिस इन्शिराह म्हणाल्या. पण त्यांचा राग फार टिकणारा नव्हता. "बरं, छत तर दाखवलंस. छतासाठी तुला शंभरातले नव्वद."

"आणि तळघराचे?"

"तळघराला शून्य. ज्याला त्याला ज्याचे त्याचे मार्क."

तेवढ्यात आतून हाक आली. आता जवळून, पहिल्या मंडपातून. आवाज बसलेला, बराच वेळ ओरडून ओरडून घोगरा झालेला. "मिस इन्शिराह! मिस! एकदा तरी ओ द्या हो!"

ही मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आली. आणि अडतीस वर्षं मुलांच्या हाकेला उत्तर दिलेली बाई ती. कुणी अडवायच्या आत त्या वळल्या, दाराच्या सावलीत दोन पावलं आत गेल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "इथे आहे, बाळा! मी इथे आहे!"

आतला आवाज थांबला.

मग कुणीतरी हसलं. आनंदाचं, सुटकेचं हसू, रडत रडत हसावं तसं. आणि दगडी फरशीवरून पावलं धावत यायला लागली. दोन माणसांची. झपाझप, दाराकडे.

"मिस!" रबाब किंचाळली. तिने सावलीत हात घातला, शालीसकट दंड हाताला लागला, आणि तिने सगळा जीव एकवटून बाहेर ओढलं. मिस इन्शिराह धडपडत उन्हात आल्या. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दारात अंधार होता, एवढंच दिसलं.

"गाडीत," वगीह म्हणाले. "गाडीत बसा. आधी गाडीत बसा."

७

गाडीने केना शहराजवळचा नाईलवरचा पूल ओलांडला. अम्म शनूदा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मग, बाईसाहेब? कसं वाटलं आमचं देऊळ?"

"अहो, काय सांगू!" मिस इन्शिराह एकदम उजळल्या. त्या मागच्या सीटवर रबाबच्या शेजारी होत्या, आणि रबाबने अजून त्यांचा हात धरला होता. "ते निळं छत! ती वरून दिसणारी रेषा! आणि तो ससाणा. वगीह, त्याच्या पंखातलं पीस न् पीस कोरलंय रे. बोटाने मोजता येतं. मी मोजलं ना. वेळच वेळ होता. त्याच्या छातीवर बारीक बारीक खवले, आणि डोळा असा गोल, तुझ्याकडे बघत नाही, पण बघतोय असं वाटतं."

वगीह पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हात लांबवून त्यांनी गाडीतला आरसा आपल्याकडे वळवला.

"साहेब, आरसा मला लागतो," अम्म शनूदा म्हणाला. पण वगीहनी तो सोडला नाही.

रबाब शालीकडे बघत होती. पांढऱ्या लोकरीवर कोपरापासून खांद्यापर्यंत पिवळी दगडी धूळ होती. केसांतही होती. नखांत होती.

"अंधाराची मला भीती नाही वाटत," मिस इन्शिराह सांगत होत्या, आणि आवाजात सकाळचाच उत्साह होता. "तुम्ही दोघं पुढे गेलात, म्हटलं, येतील परत. तुमच्या हाका ऐकू येत होत्या. मी ओ देत होते. कितीदा दिली! तुम्हाला ऐकूच जाईना. शेवटी एकदाची ऐकलीत." त्या रबाबकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं नवल होतं, राग अजिबात नव्हता. "पण त्याआधी एकदा आली होतीस ना गं तू? वरून? माझ्या तोंडावर बॅटरी मारलीस, आणि झाकण लावून घेतलंस."

हातातला हात उबदार होता. रबाबला तो सोडवेना आणि धरवेना. तिचा आवाज तिलाच कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

"माफ करा, मिस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही माझ्या शेजारी उभ्या आहात."

"होतं गं असं," मिस इन्शिराहनी तिचा हात थोपटला, आणि त्या उसाची शेतं बघायला खिडकीकडे वळल्या. "पहिल्या दिवशी होतंच."